असू दे, लागेल कधीतरी

मराठी घरातून कुठलीही वस्तू बाहेर काढायची झाली, की ती उंबऱ्यापाशी एका वाक्याला अडखळते : 'असू दे, लागेल कधीतरी.' आमच्या घरचा अख्खा माळा या एका वाक्यावर तोललेला आहे. तिथे गेलेल्या मिक्सरचं खोकं आहे, झाकण हरवलेल्या बरण्या आहेत आणि बरणी फुटलेली झाकणंही आहेत. त्यांची आपापसात कधीतरी गाठ पडेल या आशेवर दोन्ही जपून ठेवलेली. तरी माळ्याचं एक बरं असतं. दिवाळीच्या आधी कोणीतरी शिडी लावून वर चढतं, शिंकतं आणि निदान दोन वस्तू तरी भंगारवाल्याकडे जातात. न वापरलेल्या क्रेडिट कार्डाच्या नशिबी तेवढीही साफसफाई नाही. पाकिटाच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात, ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे आणि अंगाऱ्याच्या पुडीच्या पुढे ते पडून राहतं. जागा अडवत नाही, धूळ धरत नाही, वास मारत नाही. मग त्याला ऊठ म्हणायचं तरी कशावरून?

ऊठ म्हणायला एक कारण असतं आणि ते वर्षातून एकदाच उगवतं. त्याचं नाव वार्षिक शुल्क.

हे कार्ड मी मागितलेलं नव्हतं. ते माझ्याकडे आलं मॉलमधल्या सरकत्या जिन्याच्या तोंडाशी. तिथे टेबल लावून, उन्हाळ्यातही टाय बांधून एक मुलगा उभा असतो. तो 'सर, फक्त दोन मिनिटं' म्हणतो, आणि आपल्या पिढीला नोकरी करणाऱ्या पोरांना नाही म्हणता येत नाही. महिनाअखेर होती, त्याला म्हणे अजून चार कार्डं कमी पडत होती. मी त्याला एक कार्ड दिलं असं म्हणणंच योग्य ठरेल. बदल्यात त्याने मला चाकांची बॅग दिली. बॅगेची चाकं पहिल्याच प्रवासात कराडच्या एसटी स्टँडवर राहिली. कार्ड मात्र टिकाऊ निघालं. 'पहिलं वर्ष फ्री' हे वाक्य त्याने खणखणीत आवाजात म्हटलं होतं. दुसऱ्या वर्षाचा उल्लेख अर्जाच्या मागच्या बाजूला, मुंग्यांनी वाचावा अशा अक्षरात होता.

तर दुसऱ्या वर्षापासून ९९९ रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७८ रुपये ८२ पैसे. पैशाचं नाणं चलनातून जाऊन जमाना झाला, पण ब्याऐंशी पैसे बँक सोडत नाही. 'एवढ्यात तीन दिवाळी अंक येतात,' असं सौभाग्यवतींनी सांगितलं. आमच्या घरात पैशाचं मोजमाप फार पूर्वीपासून असंच होतं. फक्त ती दिवाळी अंकांवर बोलली याचा अर्थ ती अजून शांत होती. रागावली की ती तुपाच्या किलोवर येते.

शुल्क माफही होतं. वर्षात एक लाख रुपये त्या कार्डावर खर्च केले की बँक ते माफ करते. अकराशे रुपये वाचवायला लाख रुपये खर्च करा, ही सूचना कोणी शेजाऱ्याने केली असती तर आपण त्याच्या घरच्यांना फोन केला असता. पण बँकेने इंग्रजीत, निळ्या अक्षरात सांगितली की ती सवलत वाटते. आमच्या ओळखीत एका गृहस्थांनी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निव्वळ या अटीपोटी कपडे धुण्याचं दुसरं मशीन घेतलं. पहिलं उत्तम चालू आहे. दुसरं खोक्यासकट गॅलरीत आहे; लागेल कधीतरी.

वर पॉइंट असतात. माझ्या कार्डाला शंभर रुपयांमागे दोन पॉइंट मिळतात आणि पॉइंटची किंमत पंचवीस पैसे. म्हणजे लाख रुपये खर्च केले की दोन हजार पॉइंट, त्याचे पाचशे रुपये. ते पाचशे रुपये सोडवून घेण्याचं शुल्क ९९ रुपये, त्यावर पुन्हा जीएसटी. उरले तीनशे त्र्याऐंशी रुपये आणि काही पैसे. शिवाय बक्षिसांची एक यादी असते. तीत मी एकदा जेवणाचा डबा पाहिला : तीन कप्पे, पदार्थ गरम राहतात, ९,५०० पॉइंट. मी कागदावर मांडून पाहिलं. तो डबा मिळवायला पावणेपाच लाख रुपये खर्चावे लागत होते. पावणेपाच लाखांच्या डब्यात रोजची भेंडी घेऊन ऑफिसला जाण्याची माझी हिंमत नाही.

तरी सगळंच तोट्याचं नसतं, हे कबूल करायला हवं. विमानतळावरच्या लाउंज नावाच्या आतल्या बैठकीत या कार्डाने मला एकदा प्रवेश मिळवून दिला होता. बाहेर जी इडली खायची तर आधी किंमत वाचून मग भूक लागली आहे का हे ठरवावं लागतं, ती आत मागाल तितकी होती. त्यासाठी कार्डावरून कापले गेले दोन रुपये. महिनाअखेरीस बँकेने रीतसर बिल पाठवलं : एकूण देय रक्कम दोन रुपये, किमान देय रक्कमही दोन रुपये. हप्ते पाडून घ्यायची सोय नव्हती. मी ते फेडलं आणि कर्जमुक्त माणसाची झोप घेतली. आता तेही सुख अटींमध्ये अडकलं आहे. बऱ्याच बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच इडली, असा नियम केला आहे.

कार्ड बंद करावं का, हा प्रश्न घरात काढायची चूक कोणी करू नये. लग्न जमवताना निघाली नव्हती इतकी मतं आमच्याकडे यावर निघाली.

सासऱ्यांचं मत सगळ्यात स्वच्छ होतं. १९८० साली सेंट्रल बँकेने 'सेंट्रलकार्ड' नावाचं क्रेडिट कार्ड काढलं, तेव्हा ते नोकरीत होते. आज देशात दहा कोटींच्या वर क्रेडिट कार्डं आहेत, पण त्यातलं एकही आपलं नाही याचा त्यांना केवळ अभिमान नाही, तो त्यांच्या बोलण्याचा मुख्य विषय आहे. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे व्याज लागतं, वर्षाचं गणित चाळिशी ओलांडतं, हे मी त्यांना एकदा सांगून बसलो. तेव्हापासून घरात कोणी कार्ड काढलं की ते 'सावकार आले' म्हणतात आणि पाय वर घेऊन बसतात.

भाचा मात्र बंद करण्याच्या विरोधात. तो बंगळुरूला एका कंपनीत काहीतरी करतो. काय ते त्याच्या आईलाही नीट सांगता येत नाही, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आहे. 'मामा, वेडेपणा करू नकोस. सिबिल पडेल.' पूर्वी मुलांना बागुलबुवाची भीती घालत; आता मुलं मोठ्यांना सिबिलची घालतात. आपली पत मोजणारा हा स्कोअर ३०० ते ९०० यांमध्ये असतो आणि ७५०च्या वर असला की माणूस सज्जन समजला जातो. पेपर कोरा दिला तरी तीनशे मिळतात, अशी परीक्षा आमच्या वेळी नव्हती. नाहीतर मीही बोर्डात आलो असतो.

भाच्याचा मुद्दा चुकीचा नव्हता, हा त्यातला त्रास. तो म्हणाला, तुझी कार्डं दोन. या कार्डाची मर्यादा दीड लाख, रोजच्या वापरातल्या कार्डाची पन्नास हजार. मिळून दोन लाख. महिन्याला तू पंचेचाळीस हजार खर्च करतोस, म्हणजे एकूण मर्यादेच्या साडेबावीस टक्के. तिसाच्या आत असलेलं बरं असतं, तेव्हा तू सुरक्षित. आता हे दीड लाखाचं कार्ड बंद केलंस, की तेच पंचेचाळीस हजार पन्नासातले होतात. नव्वद टक्के! खर्च तोच, भाजी तीच, पेट्रोल तेच, पण कागदावर तू गळ्यापर्यंत बुडालेला माणूस.

म्हणजे काहीही न करता पाकिटात पडून राहणं हेच त्या कार्डाचं काम होतं आणि ते ते चोख करत होतं. सरकारी कचेरीत अशी पदं असतात हे ऐकून होतो, पण आपल्याच खिशात एक पद भरलेलं आहे याची कल्पना नव्हती.

'पण मला कर्ज घ्यायचंच नाही,' मी म्हणालो. घराचे हप्ते फिटले आहेत, गाडी आहे ती शेवटची. स्कोअर घेऊन करू काय? यावर भाचा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, 'असू दे मामा, लागेल कधीतरी.' बंगळुरूला जाऊनही मुलगा घरचं विसरला नव्हता.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा मार्ग तिसराच. ते दर मार्चमध्ये बँकेला फोन करून 'माझं कार्ड बंद करा' म्हणतात. बंद करायचं नसतंच. बँक गयावया करते, शुल्क माफ करते, वर दोन-चारशे पॉइंट देते, आणि सेक्रेटरी पुढच्या मार्चपर्यंत वाट पाहतात. सोसायटीत त्यांचं कोणी ऐकत नाही. गाड्या कशा लावाव्यात यावरची त्यांची परिपत्रकं लिफ्टमध्येच फाडली जातात. वर्षातून एकदा कोणीतरी 'सर, कृपया जाऊ नका' म्हणतं, हे त्यांना पुरतं. गेल्या मार्चमध्ये मात्र घात झाला. त्यांनी नेहमीप्रमाणे 'बंद करा' म्हटलं आणि पलीकडून आवाज आला, 'ठीक आहे सर, विनंती नोंदवली आहे.' मनधरणी नाही, पॉइंट नाही, कारणही विचारलं नाही. दोन दिवस ते खाली फिरायला उतरले नाहीत.

खरं तर कार्ड बंद करणं आता कागदोपत्री फार सोपं आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियमच घालून दिले. ग्राहकाने विनंती केली आणि थकबाकी नसली, की सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. पोस्टानेच अर्ज पाठवा, असा हट्ट बँकेने धरायचा नाही. हेल्पलाइन, ईमेल, वेबसाइट, ॲप अशी सगळी दारं उघडी ठेवायची. आणि उशीर केला तर बँकेने ग्राहकाला दर दिवसाला पाचशे रुपये दंड द्यायचा. हे शेवटचं कलम वाचल्यावर सौभाग्यवतींच्या डोळ्यांत मी प्रथमच त्या कार्डाबद्दल आपुलकी पाहिली. 'अहो, म्हणजे त्यांनी महिनाभर घोळ घातला तर?' तिने बोटांवर हिशेब केला. या कार्डाने आयुष्यात प्रथमच कमावण्याची शक्यता निर्माण केली होती, आणि तीही मरताना. पण ज्या कामाला उशीर व्हावा असं आपल्याला वाटतं, ते काम कुठलीही बँक वेळेत करते, असा माझा अंदाज आहे.

याच नियमांत आळशी माणसाचीही सोय आहे. वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरलंच नाही, तर बँकेने तसं कळवायचं आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर देणी नसल्यास खातं बंद करायचं. म्हणजे निर्णय न घेण्याचा निर्णयही रिझर्व्ह बँकेने आपल्याकरता घेऊन ठेवला आहे. इतका समजूतदारपणा मी कुठल्याच सरकारी कागदात पाहिला नव्हता. पण माझी ती दोन रुपयांची इडली आड आली. वर्ष तिच्यापासून मोजायचं होतं, आणि शुल्काची तारीख त्याच्या आधी उगवली.

शेवटी रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर मी हेल्पलाइनला फोन लावला. सौभाग्यवती समोर बसली होती. तिची सूचना एकच होती : 'कारणं द्यायची नाहीत. फक्त बंद करा एवढंच म्हणायचं. तुम्ही बोलायला लागलात की घेऊनच येता काहीतरी.'

मराठीसाठीचं बटण दाबलं. मराठी बाई म्हणाल्या, नव्या कार्डासाठी एक दाबा, मर्यादा वाढवण्यासाठी दोन दाबा, कर्जासाठी तीन दाबा. बंद करण्यासाठीचं बटण इतकं खोल होतं की तिथे पोहोचेपर्यंत माझी कार्डाशी पुन्हा ओळख झाली. मग सनई वाजली, आणि सनईनंतर, 'नमस्कार, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?'

'कार्ड बंद करायचंय.'

'सर, आप हमारे बहुत मूल्यवान ग्राहक हैं।'

दोन रुपयांच्या बिलावर इतकं मूल्य चढलेलं ऐकून मला भरून आलं. सौभाग्यवतीने डोळे मोठे केले. मी 'बंद करा' म्हणालो. तिने कारण विचारलं, मी 'बंद करा' म्हणालो. तिने मर्यादा वाढवून देऊ का विचारलं. ज्या विहिरीतून मी तांब्याभर पाणी काढत नव्हतो ती आणखी खोल करून द्यायला ती तयार होती. मी पुन्हा 'बंद करा' म्हणालो. मग तिने शेवटचं अस्त्र काढलं : येत्या तीस दिवसांत फक्त पाच हजार खर्च करा, या वर्षीचं सगळं शुल्क परत. मी गप्प. आमच्या संसारात इतक्या शिस्तीने मी कधी वागलेलो नाही.

'ठीक है सर। आपके साथ जो ऍड-ऑन कार्ड है, वह भी बंद हो जाएगा।'

ॲड-ऑन कार्ड? मग आठवलं. टाय लावलेल्या त्या मुलाने 'घरच्यांसाठी एक मोफत' म्हणून आईच्या नावाचंही कार्ड काढून दिलं होतं. चारपैकी तेवढंच आणखी एक कमी झालं म्हणून तो किती खूश झाला होता.

आई आतल्या खोलीत आडवी झाली होती, पण तिच्या नावाशी संबंध असलेलं वाक्य तिला तीन भिंतींपलीकडून ऐकू येतं. ती बाहेर आली, हातात पासबुकाचं प्लास्टिकचं पाकीट, आणि पासबुकाच्या आत ते कार्ड. मूळ कागदावर डिंकाने चिकटवून आलेलं, तसंच.

'माझं का बंद करतोयस? मी काय केलंय त्याला?'

'अगं, तू वापरत नाहीस.'

'म्हणूनच तर. कोरं आहे अजून. हात लावला नाही मी त्याला. वापरून वापरून झिजलं असतं तर गोष्ट वेगळी.'

यावर उत्तर नव्हतं. न वापरलेली वस्तू नवी असते आणि नवी वस्तू टाकत नाहीत, हा तिचा कायदा रिझर्व्ह बँकेच्या आधीचा आहे. फोनवरच्या मुलीला हे सगळं ऐकू जात होतं. तिची हिंदी एकदम गळून पडली. 'आजी आहेत का सर? द्या ना जरा.'

'कुठली गं तू?' आईने फोन घेतल्या घेतल्या विचारलं.

'लातूरची, आजी.'

मग पाऊस कसा आहे, जेवण झालं का, रविवारीही कामाला बोलावतात का, हे सगळं झालं. मी आणि सौभाग्यवती एकमेकांकडे बघत बसलो. संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याची सूचना सुरुवातीला दिलेली होती. त्या बँकेच्या संग्रहात आमच्या आईची गुडघेदुखी आता कायमची जमा झाली असणार.

'बरं, मला एक सांग,' आई शेवटी म्हणाली, 'या माझ्या कार्डात आहेत किती?'

'दोन्ही कार्डं मिळून दीड लाखाची मर्यादा आहे, आजी.'

आईने फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे पाहिलं. 'दीड लाख? आणि मी इतकी वर्षं भाजीला तुझ्याकडे सुट्टे मागतेय?'

'आई, ते आपले नाहीत, बँकेचे—'

'नाव माझं आहे ना त्यावर?' असं म्हणून तिने लातूरच्या मुलीला 'राहू दे गं, बंद नको करूस' सांगितलं आणि फोन ठेवून दिला. सौभाग्यवती काही बोलली नाही. तुपाच्या किलोवर ती येईल अशी माझी अपेक्षा होती, पण ती उठून आईच्या शेजारी जाऊन बसली आणि कार्ड उलटसुलट करून पाहू लागली. हे लक्षण बरं नव्हतं.

सोमवारी सकाळी दोघी रिक्षाने बाहेर पडल्या. दुकान उघडायच्या वेळेला मला सराफाकडून सौभाग्यवतीचा फोन आला. कार्डाने दिले तर दोन टक्के जास्त पडतील म्हणतोय, चालेल ना? पाठीमागून आई हप्त्यांचं विचारत होती. सोन्याला ईएमआय नसतो, असं सराफाने तिला माझ्याआधीच सांगून टाकलं होतं, आणि 'मग एकदमच देऊन टाकू' हा तिचा निर्णयही मला फोनवर स्पष्ट ऐकू आला. ओटीपी मुकाट्याने सांगितला.

अकरा वाजायच्या आत मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. अट पाच हजारांची होती. आईने ती एकवीस पटींनी पाळली होती. मागोमाग दुसरा मेसेज आला : अभिनंदन, आपण कार्डाची मर्यादा वाढवून घेण्यास पात्र आहात. तो मी अजून आईला दाखवलेला नाही.